एक कलम आणि एक गाठ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'हॅक्सॉ रिज' या युद्धपटावर लेख आला आहे. चित्रपट 2016 चा, म्हणजे काही नवा नाही. पण हातात बंदूक न धरता, दुसऱ्या महायुद्धात जपानच्या ओकिनावा बेटावरच्या कड्यावरून जखमींना दोराने खाली उतरवणाऱ्या डेस्मंड डॉस या अमेरिकन मेडिकची (लढाईत जखमींवर उपचार करणाऱ्या सैनिकाची) गोष्ट आजच्या पोरांनी पाहावी असं लेखकाला वाटलं तर त्यात गैर काहीच नाही. माझ्या विद्यार्थ्यांना मीही तो पाहायला सांगत आले आहे. माझा आक्षेप आहे लेखाच्या शेवटच्या परिच्छेदाला. तिथे म्हटलं आहे की डेस्मंड डॉसच्या श्रद्धेपुढे लष्कराचा कायदा वाकला आणि पुढे कड्यावर देवाने चमत्कार करून दाखवला. कायदा मुळीच वाकला नव्हता. आणि कड्यावर जे झालं त्याला चमत्कार म्हणणं हा त्या माणसाच्या हातांवर अन्याय आहे. लेखकाला दोष देत नाही. दिग्दर्शक मेल गिब्सनने चित्रपटच असा बेतला आहे की पाहणाऱ्याने हेच मत घेऊन बाहेर पडावं.

मी इतिहासाची प्राध्यापक नाही. प्रस्तरारोहण शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि त्याच्या जोडीने कड्यावर जायबंदी झालेल्यांना दोरावरून खाली आणण्याच्या कामात. त्यामुळे लोक त्या चित्रपटात रणांगण पाहतात तिथे माझी नजर गाठीवर जाते. पण गाठीकडे नंतर येते. आधी कायदा.

डॉस व्हर्जिनियातल्या लिंचबर्गचा, जन्म 1919 चा, पंथाने सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट. या ख्रिस्ती पंथाचे लोक शनिवार पाळतात, म्हणजे त्या दिवशी काम करत नाहीत, आणि 'हत्या करू नको' ही आज्ञा डॉसने शब्दशः घेतली होती. न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत तो जहाजबांधणीच्या कामावर होता. युद्धाला लागणारंच काम ते, त्यामुळे भरतीतून सवलत मागता आली असती. त्याने मागितली नाही. एप्रिल 1942 मध्ये तो लष्करात दाखल झाला, मात्र शस्त्र उचलणार नाही हे पहिल्यापासून सांगून. तेव्हा त्याला युद्धच नामंजूर होतं हा समज आधी डोक्यातून काढायला हवा. इतर लोक जीव घ्यायला जाणार असतील तर आपण त्यांच्याबरोबर जीव वाचवायला गेलं पाहिजे, असं त्याचं साधं गणित होतं. मोर्चात फलक घेऊन उभा राहणारा माणूस नव्हता तो.

आता एक साधा प्रश्न. सक्तीच्या भरतीत गेलेला तेवीस वर्षांचा पोरगा 'मी बंदूक धरणार नाही' असं कुणाच्या जोरावर सांगू शकत होता? चित्रपट म्हणतो, श्रद्धेच्या. श्रद्धा होतीच. पण त्याच्या पाठीशी एक छापील कागदही होता. अमेरिकेत 16 सप्टेंबर 1940 रोजी सक्तीच्या भरतीचा कायदा झाला, पर्ल हार्बरच्या हल्ल्याला तेव्हा वर्षाहून जास्त अवकाश होता. त्या कायद्याच्या पाचव्या कलमात तरतूद होती की धार्मिक शिकवण आणि श्रद्धा यांमुळे ज्याला कुठल्याही युद्धात भाग घेणं मनाला पटत नाही त्याला लढाऊ काम देऊ नये, बिगरलढाऊ सेवेत घ्यावं. ज्याला तेही नको असेल त्याला मुलकी देखरेखीखाली देशाच्या उपयोगाचं दुसरं काम द्यावं. भरतीच्या वर्गवारीत डॉससारख्यांसाठी '1-ए-ओ' असा वेगळा वर्गच होता.

हे कलम सरकारने उदार होऊन दिलेलं नव्हतं. त्याच्या मागे पहिल्या महायुद्धातली पापं होती. साउथ डकोटातल्या हटराइट या युद्ध न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या चार शेतकऱ्यांना 1918 मध्ये भरतीला बोलावलं. त्यांनी गणवेश चढवायला नकार दिला. शिक्षा होऊन ते आल्कट्राझ बेटावरच्या तुरुंगाच्या तळघरात गेले, तिथे त्यांना साखळदंडांनी टांगून ठेवलं गेलं, आणि मग कॅन्ससमधल्या लेव्हनवर्थच्या लष्करी तुरुंगात हलवलं. जोसेफ आणि मायकल होफर हे दोघे सख्खे भाऊ तिथे वारले. युद्ध संपून तेव्हा दोन-तीन आठवडे झाले होते. जोसेफची बायको त्याला पाहायला गेली तर पेटीतल्या प्रेताच्या अंगावर तोच गणवेश चढवलेला, जो त्याने जिवंतपणी अंगाला लागू दिला नव्हता. क्वेकर, मेनोनाइट, ब्रेदरन या तशाच युद्ध न मानणाऱ्या पंथांची माणसं 1940 मध्ये वॉशिंग्टनला जाऊन कायदा करणाऱ्यांच्या मागे लागली, ती अशा आठवणी घेऊन. त्यांना हवं होतं ते सगळं मिळालं नाही. एक कलम मिळालं.

अ‍ॅडव्हेंटिस्टांनी तर त्याहून व्यवहारी वाट धरली. आपल्या मुलांना कधी ना कधी भरतीला बोलावणार हे ओळखून त्यांनी 1934 पासूनच, नेब्रास्कातल्या एका कॉलेजात सुरुवात करून, तरुणांना प्रथमोपचार, स्ट्रेचर उचलणं, कवायत असं शिकवणारी छात्रसेना काढली. हेतू हाच की उद्या लष्करात गेलेला मुलगा 'मारणार नाही' एवढंच सांगून थांबू नये, 'मला हे काम येतं, ते द्या' असंही सांगता यावं.

एवढं सगळं आधी घडून गेलेलं. आणि चित्रपट काय दाखवतो? साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनला डॉसवर लष्करी खटला उभा राहतो, ऐन लग्नाच्या वेळी. आता शिक्षा होणार, इतक्यात त्याचा दारुडा बाप पहिल्या महायुद्धातला जुना गणवेश घालून, जुन्या साहेबाचं पत्र घेऊन दारात हजर होतो. पत्र वाचलं जातं, खटला गुंडाळला जातो. थिएटरात लोक डोळे पुसतात.

हा सगळा प्रकार रचलेला आहे. डॉसचं लग्न ऑगस्ट 1942 मध्ये रीतसर झालं होतं. बापाने पत्र आणल्याची गोष्ट घडलीच नाही. घडलं ते असं की बराकीत त्याच्या प्रार्थनेच्या वेळी बूट फेकून मारले गेले, लढाईत तुला आम्हीच गोळी घालू अशा धमक्या मिळाल्या, शनिवारच्या रजेवरून सारखी अडवणूक झाली, वेडा ठरवून घरी पाठवायचा घाट घातला गेला आणि बंदूक धर नाहीतर कोर्ट मार्शल करतो असा दमही भरला गेला. धमकी खटल्यापर्यंत पोचली नाही, कारण लष्करात गेलेल्या आपल्या लोकांसाठी त्याच्या चर्चचं एक कार्यालय होतं, त्यांनी वरपर्यंत संपर्क केला आणि कायदा काय आहे ते दाखवून दिलं. फोन उचलून कलमाचा आकडा सांगणाऱ्या माणसाच्या दृश्यावर कुणाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही, हे मला समजतं. चित्रपटवाल्याला पोट आहे. पण यात फरक साधा पडत नाही हो. डॉसला जे मिळालं तो त्याचा हक्क होता. चित्रपटात ती एका मोठ्या साहेबाची, बापाच्या पुण्याईवर झालेली मेहेरबानी होते. ज्याचा बाप युद्धात गेलेला नाही, ज्याच्या ओळखीचा साहेब नाही, त्याने काय करायचं?

आता कड्याकडे येते.

ओकिनावाच्या लढाईला 1 एप्रिल 1945 ला सुरुवात झाली. उरासोएजवळचा माएदाचा कडा, म्हणजेच चित्रपटातला 'हॅक्सॉ रिज', जपान्यांनी आतून पोखरून गुहा आणि भुयारांनी भरून ठेवला होता. वर चढणाऱ्याला चढू द्यायचं आणि माथ्यावर आला की सगळीकडून झोडपायचं. डॉसची 77 वी डिव्हिजन तिथे एप्रिलच्या अखेरीस आली. चित्रपट पाहून वाटतं की हा पोरगा प्रशिक्षणातून थेट या नरकात उतरला. तो त्याआधी ग्वाममध्ये आणि फिलिपीन्सच्या लेटे बेटावर गोळ्यांखाली काम करून आलेला होता, त्या कामासाठी त्याला ब्राँझ स्टार ही पदकं मिळाली होती. हे वगळल्यामुळे दोन गोष्टी होतात. एक, तुकडीतल्या लोकांचं मत एका रात्रीत पालटल्यासारखं दिसतं. खरं तर ते महिनोन् महिने, एकेका जखमीमागे पालटत आलं होतं. दुसरी, ओकिनावावरचं त्याचं कौशल्य कुठून आलं हे कळेनासं होतं, आणि मग ते आकाशातूनच आलेलं बरं वाटतं.

गाठीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यावर कुणी लिहिताना मला दिसलं नाही. आमच्याकडे पहिल्याच दिवशी शिकवतात ती बोलाइन. ताण आला तरी तिचा लूप आवळत नाही आणि काम झालं की गाठ सहज सुटते, म्हणून ती जीव टांगायच्या कामाची. एका लूपची बोलाइन काखांखालून घालून शुद्धीवर असलेल्या माणसाला उतरवता येतं, तो हात खाली दाबून धरतो म्हणून. बेशुद्ध माणसाचे हात वर जातात आणि तो लूपमधून सरळ निसटतो. शिवाय सगळा भार छातीवर आल्यामुळे श्वास कोंडतो तो वेगळाच. दोर दुहेरी घेऊन बोलाइन मारली की दोन लूप पडतात. एकेका लूपमध्ये एकेक पाय, उरलेला दोर छातीभोवती, की बसका झोळा तयार होतो आणि माणूस डोकं वर ठेवून खाली जातो. डॉसला ही दोन लूपची गाठ प्रशिक्षणात, म्हटलं तर चुकून, सापडली होती. चित्रपटात सार्जंट त्यावरून त्याची टर उडवतो. ते दृश्य मला आवडतं, कारण नंतर कड्यावर हीच गाठ परत दिसते आणि पाहणाऱ्याच्या लक्षात राहते. गिब्सनने एवढी एक गोष्ट मात्र नीट पेरली आहे.

मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी शौर्यपदक डॉसला मिळालं. त्याच्या मानपत्रात दोराला बांधलेल्या स्ट्रेचरचा उल्लेख आहे, तर डॉसच्या सांगण्यात बोलाइन येते. मला यात विसंगती वाटत नाही. मांडी मोडलेल्याला झोळ्यात बसवणं म्हणजे त्याला मारणं. त्याला आडवाच न्यावा लागतो. आणि सगळ्यांनाच स्ट्रेचरवर बांधत बसलं तर रात्र पुरणार नाही. कुणाला कसं उतरवायचं हे जखम पाहून ठरतं, आणि ते ठरवणारं डोकं अंधारात, धुरात, थकव्यात शाबूत राहावं लागतं. माझ्या लेखी त्याचं मोठेपण इथे आहे.

किती जणांना उतरवलं? मानपत्र म्हणतं सुमारे 75. हा आकडा कुणी मोजलेला नाही. डॉस म्हणत होता पन्नासहून जास्त नसतील, अधिकारी म्हणत होते शंभर असतील, शेवटी मधला आकडा धरला. सबंध बारा तास धरले तरी माणशी दहा मिनिटं येत नाहीत. त्या दहा मिनिटांत जखमीला शोधायचं, रक्त थांबवायचं, ओबडधोबड प्रवाळखडकावरून ओढत कडेला आणायचं, बांधायचं, उतरवायचं, खालच्यांनी सोडवल्यावर दोर वर घ्यायचा. अंगाभोवती किंवा एखाद्या खुंटाभोवती दोराला वेढा दिल्याशिवाय सत्तर-ऐंशी किलोचा माणूस नुसत्या मुठींनी सोडता येत नाही, तळहाताची सालटी निघतात. चित्रपटात त्याचे हात रक्ताळलेले दाखवलेत ते खरंच आहे. माझी मुलं विचारतात, 'ताई, एकट्याने इतके जण शक्य आहेत का?' मी सांगते, वरती तो एकटा होता, खाली नव्हता. मानपत्रातच लिहिलं आहे की तो जखमींना खाली आपल्या माणसांच्या हाती सोपवत होता. झोळा सोडवणारी, स्ट्रेचर पुढे नेणारी, जखमी मोकळा झाला की दोर हलवून वर इशारा करणारी ती माणसं चित्रपटात जेमतेम दिसतात. आमच्या कामात खालचा माणूस ढिला असला की वरचा काही करू शकत नाही.

एक गोष्ट चित्रपटाने वगळली, तिचं मला फार वाईट वाटतं. 21 मेच्या रात्री शुरीजवळच्या हल्ल्यात हातबाँबने डॉसच्या पायांच्या चिंधड्या झाल्या. दुसऱ्या मेडिकला आडोशातून बाहेर बोलावण्याऐवजी त्याने स्वतःच पट्ट्या बांधल्या आणि पाच तास वाट पाहिली. स्ट्रेचर आलं, ते घेऊन निघाले, तर वाटेत रणगाड्यांचा मारा. जवळ एक जण जास्त जखमी दिसला, तेव्हा हा स्ट्रेचरवरून खाली उतरला आणि त्याला आधी न्या म्हणाला. ते परत येईपर्यंत याला पुन्हा गोळी लागली, दंडाचं हाड मोडलं. त्याने एका रायफलचा दस्ता हाताला बांधून फळी केली आणि तीनशे यार्ड सरपटत मदतकेंद्र गाठलं. मानपत्रात हे सगळं नोंदलेलं आहे. रायफलला हात न लावणाऱ्या माणसाने तिचा दस्ता कशासाठी वापरला, हे पडद्यावर दाखवायला केवढी जागा होती! त्याऐवजी शेवटी काय, तर प्रार्थनेनंतर संथगतीत धावणारी पलटण, आगीचे लोळ आणि आभाळात तरंगत वर चाललेलं स्ट्रेचर.

आणि मधल्या काळात कापाकापी किती! एक सैनिक अर्धं धड ढालीसारखं पुढे धरून गोळ्या झाडत जातो. न मारणाऱ्या माणसावरचा चित्रपट मारण्यात इतका रमतो याचं काय करायचं ते मला ठरवता आलेलं नाही. डॉस जपानी जखमींवरही उपचार करतो असं दोन-चार क्षण दाखवून तो हिशेब मिटवल्यासारखा केला आहे. ओकिनावाचे गावकरी तर चित्रपटात नाहीतच. त्या बेटावर 22 जूनपर्यंत लढाई चालली आणि हजारोंच्या हजारो बायका-मुलं-म्हातारे त्यात मेले. इटोमानला 1995 मध्ये उभारलेल्या स्मारकाच्या दगडांवर कुठल्याही देशाचा, सैनिक की नागरिक असा भेद न करता मेलेल्यांची नावं कोरली आहेत. ती दोन लाख चाळीस हजारांच्या वर आहेत.

पण माझं मुख्य भांडण याहून वेगळं आहे. लेखात म्हटलं आहे की डॉसने आपला नकार कड्यावर सिद्ध करून दाखवला. सिद्ध कशासाठी करायचा? डॉस पहिल्या दिवशी गोळी लागून मेला असता, एकालाही वाचवू शकला नसता, तर त्याचा नकार खोटा ठरला असता का? चित्रपटाचा सगळा डोलारा याच्यावर उभा आहे: आधी सगळे हसतात, मग हा उपयोगी पडतो, मग सगळे माफी मागतात. म्हणजे नकाराची किंमत उपयोगावर ठरली. फोर्ट जॅक्सनमध्ये तो कुणाच्याही उपयोगाचा नव्हता, आणि कायद्याने त्याला तिथेच, तेव्हाच राखलं होतं.

त्याच काळातला दुसरा माणूस पाहा. फ्रान्झ येगरश्टेटर, ऑस्ट्रियातल्या झांक्ट राडेगुंड या खेड्यातला शेतकरी, कॅथलिक, तीन लहान मुलींचा बाप. मार्च 1943 मध्ये हिटलरच्या सैन्यात लढायला त्याने नकार दिला. त्यानेही सांगितलं होतं की जखमींची शुश्रूषा करण्याचं काम द्या, करीन. म्हणजे डॉसचीच मागणी. ती विचारातही घेतली गेली नाही. बर्लिनच्या लष्करी न्यायालयाने जुलैत मृत्युदंड दिला आणि 9 ऑगस्ट 1943 ला ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचं डोकं उडवलं. त्याच्या नकाराने एकही जखमी वाचला नाही, युद्ध एका मिनिटाने थांबलं नाही, गावात त्याच्या बायकोकडे पुढे कितीतरी वर्षं लोक वाकड्या नजरेने पाहत राहिले. श्रद्धा मोजायची झाली तर ती डॉसच्या श्रद्धेहून तसूभर कमी नव्हती. मग लेखातल्या हिशेबाने तिथे चमत्कार का नाही झाला? मला उत्तर सरळ दिसतं. तिथे ते कलम नव्हतं.

कलम असून सगळं सुरळीत होतं असंही नाही, हे मला माहीत आहे. ब्रिटनच्या 1916 च्या कायद्यात विवेकाने नकार देणाऱ्यांसाठी तरतूद होती, तरीही काही जणांना धरून फ्रान्सच्या आघाडीवर नेलं आणि तिथे 35 जणांना मृत्युदंड वाचून दाखवला. वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून मग सांगितलं की शिक्षा कमी करून दहा वर्षं सक्तमजुरी केली आहे. आणि कलमाच्या आधाराने वाचलेल्यांना सरकार कसं वापरून घेतं, तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत मुलकी कामावर गेलेल्यांपैकी 36 तरुणांनी मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये सहा महिने अर्धपोटी राहून स्वतःची हाडं मोजू दिली, युद्धानंतर उपाशी युरोपला कसं खाऊ घालायचं ते कळावं म्हणून. तिथवर ठीक. पुढे 1954 ते 1973 मध्ये डॉसच्याच पंथाच्या 2300 च्या वर बिगरलढाऊ सैनिकांनी फोर्ट डेट्रिक या लष्करी तळाच्या जैविक प्रयोगांसाठी स्वतःला रोगजंतूंच्या हवाली केलं. ते स्वेच्छेने गेले होते, पण दुसरा पर्याय बहुधा व्हिएतनाम असताना स्वेच्छा कशाला म्हणायचं? माणूस मारणार नाही म्हणतो, ते ठीक, मग त्याचं दुसरं काय करता येईल, हा विचार लष्कराने कधीच सोडलेला नाही.

लेखात गांधीजींशी केलेली तुलना मला पटली, पण लेखकाला अभिप्रेत होती त्या कारणाने नव्हे. गांधीजींनी बोअर युद्धात डोल्या वाहणारं पथक उभारलं, 1906 मध्ये झुलूंच्या बंडाच्या वेळी पुन्हा उभारलं, आणि 1918 मध्ये तर खेडा जिल्ह्यात गावोगाव हिंडून ब्रिटिश सैन्यासाठी भरती करायचा प्रयत्न केला. अहिंसा मानणाऱ्या माणसाचे युद्धाशी संबंध असे गुंतागुंतीचेच असतात. डॉसही त्यातलाच. त्याला संत करून भिंतीवर लावलं की हे सगळं दिसायचं बंद होतं.

आता त्याच लेखातल्या तीन दुरुस्त्या, त्या तेवढ्या छापाव्यात. डॉसला पदक राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी दिलं असं छापलं गेलं आहे. रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 लाच वारले होते. व्हाइट हाउसमध्ये 12 ऑक्टोबर 1945 ला पदक दिलं ते त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी. दुसरं, शस्त्र न उचलता हे पदक मिळवणारा डॉस 'एकमेव' नाही, पहिला आहे. व्हिएतनाममध्ये 1969 साली मारले गेलेले थॉमस बेनेट आणि जोसेफ लापॉइंट हे दोघे मेडिकही विवेकाने नकार देणारेच होते, त्यांना ते मरणोत्तर मिळालं. आणि तिसरं, युद्धानंतर तो 'सुखाने सुतारकाम करत राहिला' हे बरोबर नाही. 1946 मध्ये त्याला क्षयाचं निदान झालं, एक फुफ्फुस आणि पाच बरगड्या काढाव्या लागल्या, पुढची काही वर्षं इस्पितळांत गेली आणि हात जन्मभर अधू राहिला. सुतारकाम त्याला करायचं होतं. तेच त्याला पुन्हा कधी नीट जमलं नाही.

आपली,
एक निवृत्त प्रस्तरारोहण प्रशिक्षक